खेळ सोडला, तरी संगणक मंद कां?

विद्यार्थिमित्रहो, कोणतीही संवय सोडणें हें एक काम आहे, आणि त्या संवयीनें मागें ठेविलेला पसारा आवरणें हें दुसरें काम आहे. पहिलें काम निश्चयानें होतें; दुसऱ्यास निश्चयाबरोबर माहितीही लागते. व्हिडिओ गेम सोडणाऱ्या विद्यार्थ्यांस या दुसऱ्या कामाची ओळख करून द्यावी, हा प्रस्तुत पाठाचा हेतु आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यांत हळदीचे चार पैसे हातीं आले म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठीं संगणक घेणारीं घरें आतां थोडीं नाहींत. तोच एक संगणक मुलाच्या अभ्यासास, बहिणीच्या टंकलेखनास आणि वडिलांच्या सातबाऱ्यास व पीकविम्याच्या अर्जास उपयोगी पडतो. पुढें त्यावर खेळ येतात, खेळांत रात्री जातात, आणि दहावीचें वर्ष जवळ आलें म्हणजे एखादा समजूतदार मुलगा तें सर्व सोडून देण्याचें ठरवितो. खेळाचा भार उतरला म्हणजे यंत्र आपोआप चपळ होईल, अशी त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षांत संगणक सुरू होण्यास पांच-सात मिनिटें आणि साधी फाइल उघडण्यास एक मिनिट, असा अनुभव येतो. मग वडील म्हणतात, "यंत्र जुनें झालें, आतां नवें घेतलें पाहिजे." इकडे मुलगा यंत्र सुरू होईपर्यंत हातांत मोबाइल घेऊन बसतो, आणि ज्या खेळास त्यानें संगणकावरून निरोप दिला तोच मोबाइलवर परत येतो. अशा रीतीनें एका यांत्रिक दोषामुळें घरचा पैसाही जातो व मुलाचा निश्चयही ढळतो. म्हणून या दोषाचें निदान शिकणें ही केवळ हौस नव्हे.

ज्या संगणकावर विंडोज १० किंवा ११ ही प्रणाली आहे, त्यास पुढील कृति लागू पडतात.

१. संगणकाचीं चार अंगें

वसमत किंवा हिंगोली येथील मोंढा डोळ्यांपुढें आणा. तेथें माल तोलणारा माणूस असतो. त्याच्या कांट्याजवळ थोडी मोकळी जागा असते. मागें मोठें गोदाम असतें. आणि बाहेरगांवीं जाणारा रस्ता असतो. संगणकांतही अशींच चार अंगें आहेत. प्रोसेसर हा तोलणारा. मेमरी ही कांट्याजवळची जागा. डिस्क हें गोदाम. आणि इंटरनेट हा बाहेरचा रस्ता.

तोलणारा कितीही चपळ असला, तरी गोदामांतून पोतें येण्यास उशीर लागला तर त्यास हात बांधून उभें राहावें लागेल. कांट्याजवळची जागा भरून गेली, तर कांहीं पोतीं पुनः गोदामांत नेऊन ठेवावीं लागतील, व गरज पडतांच परत आणावीं लागतील. संगणकाची मेमरी अपुरी पडली म्हणजे तोही हेंच करितो. तात्पुरती माहिती डिस्कवर ठेवितो व तेथून परत आणितो. या येरझाऱ्यांतच त्याचा वेळ जातो. तात्पर्य, एका अंगाची मंदी ही सर्व यंत्राची मंदी म्हणून दिसते. म्हणून "संगणक मंद आहे" एवढें म्हणून भागत नाहीं. कोणतें अंग अडलें आहे, हें विचारलें पाहिजे.

२. आधीं मोजावें, मग हात लावावा

आपल्याच जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचें ठरलें असून, केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें तिच्यासाठीं सुमारें २,६०० कोटी रुपयांस मंजुरी दिली. अमेरिकेंतील लायगोच्या दोन वेधशाळांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अशी लहर प्रथम टिपली. त्या वेळीं चार किलोमीटर लांबीच्या भुजेंत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता. इतका सूक्ष्म संकेत ओळखावयाचा, तर जमिनीचा कंप, वाऱ्याचा धक्का, विजेच्या उपकरणांचा उपद्रव, हा प्रत्येक गोंगाट वेगळा मोजावा लागतो, आणि कोणता कशामुळें होतो हें ठरवावें लागतें. तेथें अंदाजाचें काम नाहीं. आपल्या घरच्या संगणकास इतकी सूक्ष्मता नको. परंतु पद्धति तीच हवी.

प्रथम एका कागदावर तारीख, वेळ आणि केलेली कृति असे तीन रकाने आंखा. संगणक 'रीस्टार्ट' करा. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: विंडोजमध्यें 'शट डाउन' केल्यावर प्रणालीची कांहीं स्थिति डिस्कवर जतन होऊन पुढच्या वेळीं तीच परत आणली जाते, असें पुष्कळ यंत्रांवर घडतें, म्हणून कित्येक दिवसांचा जुना गोंधळ तसाच राहूं शकतो. 'रीस्टार्ट' केल्यानें मात्र प्रणाली नव्यानें सुरू होते. कित्येकदां एवढ्यानेंच रोग बरा होतो. तसें न झाल्यास, बटण दाबल्यापासून पहिली फाइल उघडेपर्यंत लागलेला वेळ घड्याळ लावून लिहून ठेवा.

नंतर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर नांवाचा तक्ता उघडेल. दुसरें कांहीं न उघडतां पांच मिनिटें तो केवळ पाहात राहा. त्यांत प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क यांचे स्वतंत्र रकाने असतात, आणि कोणता प्रोग्राम किती वांटा खातो हें दिसतें. डिस्कचा आंकडा शंभर टक्क्यांजवळ चिकटून राहिला, तर गोदामाकडे पाहा. मेमरी नव्वद टक्क्यांवर गेली, तर कांट्याजवळ कोणाचीं पोतीं पडलीं आहेत तें पाहा. कांहीं काम चालू नसतां प्रोसेसर धांवत असेल, तर त्यास कामाला लावणाऱ्याचें नांव लिहून घ्या. सर्व आंकडे खालीं असून केवळ संकेतस्थळें सावकाश उघडत असतील, तर दोष बहुधा इंटरनेटचा आहे. त्यासाठीं यंत्र उघडण्याचें कारण नाहीं.

यापुढील नियम एकच: एका वेळीं एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदलानंतर पुनः वेळ मोजावा. पांच उपाय एकदम केले, तर गुण कोणत्या उपायानें आला हें कळत नाहीं.

३. खेळ गेला, चाकर राहिले

पुष्कळ मुलें पडद्यावरील खेळाचें चित्र पुसतात व खेळ काढून टाकला असें समजतात. तें चित्र म्हणजे दारावरील पाटी होय. पाटी काढल्यानें घर रिकामें होत नाहीं. खेळ खरोखर काढावयाचा, तर सेटिंग्जमध्यें ॲप्स, व त्यांत इन्स्टॉल्ड ॲप्स ही यादी उघडून तेथून 'अनइन्स्टॉल' करावा.

तरीही खेळाचा परिवार मागें राहतो. खेळ विकणारा व उघडून देणारा लाँचर, नवी आवृत्ति शोधणारा अपडेटर, खेळाडूंशीं बोलण्याचें साधन, रंगीत दिवे व कळफलक सांभाळणारें सॉफ्टवेअर, हे सर्व संगणक सुरू होतांच जागे होतात आणि मालक गेला तरी चाकरी करीत राहतात. कांहीं खेळांबरोबर लबाडी ओळखणारा पहारेकरीही येतो. उदाहरणार्थ, व्हॅलोरंट या खेळाचा व्हॅनगार्ड नांवाचा पहारेकरी संगणकाबरोबरच सुरू होतो, व त्याची नोंद खेळाहून वेगळी असते. म्हणून तो वेगळा काढावा लागतो.

टास्क मॅनेजरमध्यें स्टार्टअप ॲप्स या भागांत अशा चाकरांची यादी मिळते. खेळाशीं संबंध असलेलें प्रत्येक नांव निवडून 'डिसेबल' करावें. ध्वनि, टचपॅड व विषाणुरोधक यांच्या नोंदींस हात लावूं नये. जें नांव ओळखीचें नाहीं, तें आधीं विचारून घ्यावें. 'डिसेबल' केल्यानें कांहीं नष्ट होत नाहीं. चूक वाटल्यास तें पुनः चालू करतां येतें, म्हणून हा उपाय पहिला करण्यास योग्य आहे. त्याचप्रमाणें सेटिंग्जमध्यें गेमिंग या भागांत पडद्यावरील हालचालींचें पार्श्वभूमीस चित्रण चालू असल्यास तेंही बंद करावें.

४. भरलेलें गोदाम

गोदाम छतापर्यंत भरलें म्हणजे नवें पोतें ठेवण्यास जागा नसते, आणि जुनें काढण्यास वाट नसते. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या क्रमानें गेल्यास डिस्कवर कशानें किती जागा अडविली आहे तें दिसतें. आजचे मोठे खेळ एकेक शंभर जीबीपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक, जागा घेतात. त्याखेरीज खेळाचीं चित्रणें असतात. गणित करून पाहा: चित्रण दर सेकंदास १६ मेगाबिट या गतीनें होत असेल, तर सेकंदास २ मेगाबाइट, व तासास ७,२०० मेगाबाइट, म्हणजे सुमारें ७.२ जीबी जागा भरेल. रोज एक तास याप्रमाणें एका महिन्यांत २१६ जीबी झाले! खेळ काढला तरी हीं चित्रणें व्हिडिओज नांवाच्या फोल्डरमध्यें जशींच्या तशीं राहतात.

डिस्कचा पांचवा-सहावा हिस्सा मोकळा असावा, असा व्यवहारी नियम आहे. परंतु कांहींही पुसण्यापूर्वीं घरचे फोटो, प्रमाणपत्रें, शाळेचीं टिपणें व वडिलांचे कागद यांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. विंडोज व प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांतून हातानें कांहीं पुसूं नये. शेवटीं रीसायकल बिन रिकामा करावा. कारण पुसलेला माल तोंपर्यंत गोदामाच्याच कोपऱ्यांत पडून असतो.

५. फिरती चकती: एक गणित

जुन्या संगणकांत डिस्क म्हणजे खरोखरच फिरणारी चकती असते. ती मिनिटास ७,२०० फेरे घेत असेल, तर सेकंदास १२० फेरे झाले, व एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागले. हवी ती माहिती वाचक-सुईखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद थांबावें लागतें. सुईस योग्य जागीं सरकण्यास साधारण ९ मिलिसेकंद धरले, तर एक जागा गांठण्यास सुमारें १३ मिलिसेकंद झाले. म्हणजे सेकंदास जेमतेम ७५ जागा गांठतां येतात. विंडोज सुरू होतांना हजारों लहान फाइली वाचाव्या लागतात. त्यांत खेळाचे दहा चाकर आपापल्या फाइली एकदम मागूं लागले, तर काय होईल हें सांगावयास नको.

एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्यें फिरणारा भाग नसतो. तेथें एक जागा गांठण्यास मिलिसेकंदाचा सुमारें दहावा भाग पुरतो. म्हणून चकती काढून एसएसडी बसविली कीं जुना संगणक तरुण झाल्यासारखा वाटतो. परंतु खर्च करण्यापूर्वीं टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागांत आपली डिस्क कोणत्या प्रकारची आहे तें पाहावें. ती आधींच एसएसडी असेल, तर नवी घेऊन लाभ थोडा. चकतींतून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर मात्र इतर सर्व उपाय सोडून प्रथम माहितीची प्रत घ्यावी. कारण ती चकती निकामी होण्याच्या वाटेवर असण्याचा संभव आहे.

६. उष्णता व धूळ

संगणक सुरू केल्यावर दहा मिनिटें चपळ चालतो व नंतर मंदावतो, पंखा मोठ्यानें घोंघावतो, अशीं लक्षणें असल्यास उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसरचें तापमान फार वाढलें, बहुतेक प्रोसेसरांत ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलें, म्हणजे तो जळूं नये म्हणून स्वतःची गति आपणच कमी करितो. हा दोष नव्हे, संरक्षण आहे; दोष उष्णता बाहेर न जाण्याचा आहे.

खेळाच्या काळांत पंखा तासन् तास धांवून खोलींतील धूळ आंत ओढीत असतो. त्यांत आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि हळद ढोलांत घालून पॉलिश करण्याच्या दिवसांत तिची बारीक भुकटी घरादारांत पसरते. टेबलावरील संगणक असल्यास तो बंद करून, वायर काढून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीं झांकण उघडावें. पंख्याचें पातें बोटानें धरून मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ काढावी. ओलें फडकें वापरूं नये. विजेचा पुरवठा करणारी आंतली पेटी कदापि उघडूं नये. लॅपटॉप असल्यास तो स्वतः न उघडतां जाणत्या कारागिराकडे द्यावा; आणि तो गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरूं नये, कारण त्यानें हवेची वाट बंद होते.

७. फुकट खेळाची किंमत

विकत घ्यावयाचा खेळ कुलूप तोडून फुकट मिळविला, तर त्याबरोबर काय आलें याची खात्री देतां येत नाहीं. जून २०२१ मध्यें अव्हास्ट या सुरक्षा-कंपनीनें क्रॅकोनॉश नांवाच्या एका उपद्रवी प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. अशा चोरट्या खेळांतून तो २,२२,००० हून अधिक संगणकांत शिरला होता. तो विंडोजचें संरक्षण बंद पाडी, आणि मालकाच्या नकळत प्रोसेसर राबवून आपल्या धन्यासाठीं मोनेरो नांवाचें आंकडी चलन मिळवी. त्यांतून वीस लाख डॉलरांहून अधिक कमाई झाल्याचा अंदाज त्या कंपनीनें दिला. वीजबिल मालकाचें, यंत्राची झीज मालकाची, आणि कमाई चोराची!

म्हणून कांहीं काम नसतां प्रोसेसर धांवत असेल, किंवा विंडोजची सुरक्षा आपोआप बंद झालेली आढळली, तर विंडोज सिक्युरिटीमधून पूर्ण तपासणी करावी. तीही चालत नसेल, तर माहितीची प्रत घेऊन प्रणाली नव्यानें बसविणें हाच उत्तम उपाय. "एका क्षणांत संगणक वेगवान" असें वचन देणारीं फुकट साधनें मात्र घेऊं नयेत. एक चाकर काढून दुसरा ठेवण्यासारखेंच तें होय.

८. खर्च केव्हां करावा?

वरील सर्व उपाय बिनखर्ची आहेत. ते करून व वेळ मोजूनही मंदी राहिली, तरच खर्चाचा विचार करावा, आणि तोही कागदावरील आंकड्यांनुसार. डिस्क सतत शंभर टक्के असून ती फिरती चकती असेल, तर एसएसडी. मेमरी सतत भरलेली असून यंत्रांत ती केवळ ४ जीबी असेल, तर वाढीव मेमरी. दोन्ही ठीक असतील, तर नव्या यंत्राची घाई नको.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाहीं, त्यावर लिनक्स जातीची मोफत प्रणाली बसवितां येते. सी-डॅक या भारतीय संस्थेनें तयार केलेली बॉस ही प्रणाली त्याच कुळांतील आहे. लेखन, वाचन व अर्ज भरणें यांस ती पुरेशी आहे. मात्र बसविण्यापूर्वीं आपल्या अभ्यासाचें साधन तीवर चालतें कीं नाहीं हें पाहावें.

९. पालकांस दोन शब्द

कांहीं पालक म्हणतात, "संगणक मंदच बरा, म्हणजे मुलगा पुनः खेळणार नाहीं." हा विचार सद्धेतूचा असला तरी फलदायी नाहीं. मंद संगणक अभ्यासासच अडवितो. खेळास नव्हे, कारण खेळ मोबाइलवरही मिळतो. ज्या मुलानें खेळ सोडला आहे, त्यास अभ्यासाचें साधन तत्पर मिळालें पाहिजे. त्याच्याजवळ बसून वरील तक्ता भरावा. यंत्राची चौकशी करतां करतां मुलाचीही चौकशी होते.

खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नव्हे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगवर्गीकरणांत, जें १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलें, खेळाच्या विकृतीस स्थान दिलें आहे. खेळावर ताबा न राहणें, इतर सर्व गोष्टींहून खेळच मोठा होणें, व हानि दिसत असतांही तो चालूच ठेवणें, हीं तिचीं लक्षणें होत. झोप, जेवण व शाळा सुटूं लागली असेल, तर रागावण्यापेक्षां सल्ला घ्यावा. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि त्यासाठीं विनाशुल्क आहे.

विद्यार्थिमित्रहो, संगणक मंद कां झाला हें ज्यानें आंकड्यांनीं शोधून काढलें, त्यानें यंत्राची सेवा केलीच, परंतु स्वतःस एक विद्याही मिळविली. खेळासाठीं घेतलेलें ग्राफिक्स कार्डही व्यर्थ जाण्याचें कारण नाहीं. २००५ सालीं सुरू झालेल्या आइन्स्टाइन ॲट होम या उपक्रमांत जगांतील सामान्य लोक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ देतात, व लायगोच्या नोंदींत गुरुत्वीय लहरींचा शोध घेण्याचें गणित त्यावर चालतें. परीक्षा आटोपल्यावर, वीजबिलाचा व यंत्राच्या उष्णतेचा विचार करून, वडिलांच्या संमतीनें तुम्हांसही त्यांत भाग घेतां येईल. औंढ्याची वेधशाळा पुढें काम करूं लागेल, तेव्हां गोंगाटांतून संकेत निवडून काढणारीं माणसें तेथें लागतील. त्या विद्येचा पहिला धडा घरच्या मंद संगणकावरही गिरवितां येतो.

अभ्यास

१. मिनिटास ५,४०० फेरे घेणाऱ्या चकतीस अर्ध्या फेऱ्यास किती मिलिसेकंद लागतील?
२. 'शट डाउन' व 'रीस्टार्ट' यांतील भेद सांगा.
३. एका वेळीं एकच बदल कां करावा? शेतींतील एक उदाहरण देऊन लिहा.
४. आपल्या घरच्या किंवा शाळेच्या संगणकाचा तीन रकान्यांचा तक्ता आठ दिवस ठेवा, व कोणत्या उपायानें किती मिनिटें वांचलीं तें वर्गांत सांगा.